रोजगार हमी ही खैरात नव्हे

संपादक महाशय,

फुकटच्या पैशाने खेड्यातील माणूस आळशी झाला, असे सांगताना आपल्या लेखकाने रोजगार हमीलाही खैरातीच्या पंक्तीत बसवले आहे. ते वस्तुस्थितीला धरून नाही.

१. येथे बसून पैसे मिळत नाहीत. खोदलेल्या चराला टेप लागतो, माप वहीत चढते, मग मजुरी ठरते. माप कमी भरले, तर दिवसभर राबूनही पूर्ण मजुरी पडत नाही.

२. ही दिल्लीची देणगी नव्हे. वि. स. पागे यांची ही कल्पना १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर कसाला लागली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. केंद्राला जाग आली २००५ मध्ये.

३. शहरी पगारदाराच्या खिशातून फेब्रुवारीत ३०० आणि एरवी २०० रुपये व्यवसाय कर जातो, हे खरे. पण १९७५ साली तो याच योजनेसाठी लावला गेला. तो लपवलेला बोजा नाही.

बोगस हजेरीपट झाले, हे मान्य. मात्र हजेरीपट मजूर लिहीत नाही.

केंद्राच्या कायद्याने पंधरा दिवसांत मजुरी देण्याचे बंधन घातले, तरी ती महिनोन्‌महिने थकत राहिली. श्रममूल्याचा धडा द्यायचाच, तर आधी थकवणाऱ्यांना द्यावा.

आपला,
एक वाचक, जालना