तपासणी आधी कोणाची?

गेल्या उन्हाळ्यात अंदर मावळातील एक आजी आपल्या नातसुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. वय सत्तरीच्या पुढचे, नऊवारी लुगडे, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत फाईल. फाईल चांगलीच जाड होती. चार वर्षांत त्या मुलीच्या तीन सोनोग्राफी झाल्या होत्या, गर्भनलिकांचा एक्स-रे झाला होता, थायरॉइडच्या तपासण्या झाल्या होत्या आणि एकदा पोटात दुर्बीणही घालून झाली होती. सगळे अहवाल निर्दोष. कार्ल्याच्या एकवीरा आईला नवस बोलून झाला होता तो निराळाच. मी कागद चाळून संपवले आणि विचारले, "आणि नातवाचे कागद?"

आजींनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. "त्याला काय झालंय डाक्टर? भाताचं पोतं एकट्यानं पाठीवर घेतो माझा गडी."

नातसून काही बोलली नाही. ती खाली फरशीकडे पाहत होती.

या सदरात आजवर मधुमेह, गुडघेदुखी, विस्मरण, रक्तदाब असे विषय येत गेले. पुरुषाच्या प्रजननक्षमतेचा विषय ज्येष्ठ वाचकांसमोर कशासाठी, असे काहींना वाटेल. कारण साधे आहे. आपल्याकडे मूल होत नाही म्हणून दवाखान्यात कोणाला न्यायचे, हा निर्णय बहुधा घरातील वडीलधारी माणसेच घेतात. मुलगा लाजतो, सून बोलू शकत नाही. म्हणून हा लेख तरुणांसाठी नसून त्यांच्या आजी-आजोबांसाठी आणि सासू-सासऱ्यांसाठी आहे.

प्रथम माझीच एक चूक सांगतो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका बाईला मी दोनदा पुण्याला तपासणीसाठी पाठवले. नवऱ्याची तपासणी सुचवण्याचा धीर मला झाला नाही. तो वयाने माझ्याहून मोठा होता आणि गावात त्याला मान होता. पुढे त्या बाईला माहेरी धाडण्यात आले आणि त्याने दुसरे लग्न केले. दुसऱ्या पत्नीलाही मूल झाले नाही. तेव्हा कुठे तो तपासणीला तयार झाला आणि वीर्यात शुक्राणूच नसल्याचे निष्पन्न झाले. पहिलीचे काय झाले हे मला आजही ठाऊक नाही. काही शे रुपयांची ती तपासणी मी पहिल्याच भेटीत लिहून द्यायला हवी होती.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाकडील कारण असते. काहींत ते एकटेच असते, काहींत पत्नीकडील कारणाच्या जोडीने. तेव्हा तपासणी दोघांची आणि एकाच वेळी सुरू व्हावी हा शास्त्रशुद्ध मार्ग आहे. त्यातही पुरुषाची तपासणी सोपी. सुई नाही, भूल नाही, पोटात नळी नाही. तरीही ती सर्वांत शेवटी होते.

अर्थात तपासणीची घाई करण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो. वर्षभर एकत्र राहून, कोणतेही साधन न वापरता गर्भधारणा झाली नाही, तर वंध्यत्वाचा विचार करायचा असतो. पत्नीचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच. आमच्या भागात नवरा घाटावर ट्रक चालवतो किंवा मुंबईला नोकरीला असतो आणि महिन्यातून दोन दिवस घरी येतो. लग्नाला तीन वर्षे झाली तरी एकत्र राहणे दोन-तीन महिन्यांचेच भरते. अशा जोडप्याला औषधापेक्षा सुट्टीची गरज अधिक असते.

तपासणीचेही काही नियम आहेत. दोन ते सात दिवसांचे ब्रह्मचर्य पाळून नमुना द्यावा, आणि तो तासाभरात प्रयोगशाळेत तपासला जावा. आतल्या गावातून दुचाकीवर बाटली घेऊन तळेगाव गाठेपर्यंत हा तास निघून जातो, म्हणून नमुना प्रयोगशाळेतच द्यावा हे बरे. अलीकडच्या दोन-तीन महिन्यांत डेंग्यू, टायफॉइड असा मोठा ताप येऊन गेला असेल तर ते आधी सांगावे. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात आणि तापाचा परिणाम तेवढ्या अंतराने अहवालात दिसतो. एका अहवालावर कोणताही निष्कर्ष काढायचा नसतो. दोष दिसला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी लागते.

अहवाल वाचताना घरोघरी एक गोंधळ हमखास होतो. सुघड आकाराचे शुक्राणू किती, या रकान्यात चार किंवा पाच टक्के असा आकडा असतो. "म्हणजे शहाण्णव टक्के खराब?" असे म्हणत एक सेवानिवृत्त शिक्षक आपल्या मुलाचा अहवाल घेऊन धापा टाकत आले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार चार टक्के ही खालची मर्यादा धरली जाते. बहुसंख्य शुक्राणू वेडेवाकडे असणे हा माणसाचा स्वभावच आहे. संख्येची खालची मर्यादा एका मिलिलिटरमागे एक कोटी साठ लाख. हे आकडे म्हणजे पास-नापासाची रेघ नव्हे. त्याखाली असलेले पुरुषही बाप होतात आणि त्यावर असलेल्यांनाही कधी अडचण येते.

आता आजींच्या पोत्याकडे वळू. अंगातील ताकद, मिशा, भारदस्त आवाज, वैवाहिक सुख देण्याची क्षमता या एका बाजूच्या गोष्टी. शुक्राणू ही दुसरी. वृषणात दोन निरनिराळी कामे चालतात. एका प्रकारच्या पेशी पुरुषी संप्रेरक बनवतात, तर सूक्ष्म नलिकांमध्ये शुक्राणू घडतात. पहिले काम उत्तम चालू असताना दुसरे पूर्ण बंद असू शकते. शंभरातील सुमारे एका पुरुषाच्या वीर्यात शुक्राणू नसतात आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. कारण वीर्याचा बहुतांश भाग पुरःस्थ ग्रंथी आणि वीर्यकोशांतून येणारा द्रव असतो. वीर्य दाट की पातळ, यावरून शुक्राणूंची संख्या कळत नाही. तेव्हा "नपुंसक" हा शब्द अशा मुलाला लावणे वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचे आहे आणि माणुसकीच्या दृष्टीनेही.

दाट-पातळाच्या या चिंतेला आपल्याकडे जुना इतिहास आहे. रक्ताच्या अमुक इतक्या थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, अशी समजूत माझ्या लहानपणी भिंतीवरच्या जाहिरातींतूनही वाचायला मिळे. 'धातू जाणे' या भीतीने खंगलेले तरुण इतके आढळत की डॉ. नरेंद्रनाथ विग या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० साली या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले. लघवीतून जाणारा पांढरेपणा बहुतेक वेळा क्षारांचा असतो. स्वप्नावस्था नैसर्गिक आहे. आपल्या महाराष्ट्रात हे जाहीरपणे सांगण्याची किंमत एका माणसाने मोजली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि वाचकांच्या अशाच खाजगी शंकांना सरळ उत्तरे दिली. त्या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरीही कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र १९५३ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत चालू राहिले. आज मी हे निर्धास्तपणे लिहितो आहे आणि आपण ते नातवंडांदेखत वाचू शकता, त्यात त्या गणिताच्या प्राध्यापकाचा वाटा मोठा आहे.

ज्येष्ठ पुरुष वाचकांसाठी एक सूचना येथेच करतो, कारण प्रत्यक्ष विचारायला अनेकांना संकोच वाटतो. प्रोस्टेटच्या त्रासासाठी टॅम्सुलोसिनसारखी गोळी सुरू झाल्यावर किंवा दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाल्यावर वीर्य बाहेर येणे कमी होते किंवा थांबते. ते मूत्राशयाकडे उलटे जाते किंवा बाहेर पडतच नाही. त्याने शरीराला अपाय होत नाही, शक्ती "आत अडकून" डोक्यात जात नाही. एका आजोबांनी याच भीतीने गोळी परस्पर बंद केली आणि लघवी तुंबून मध्यरात्री त्यांना रुग्णालयात न्यावे लागले.

उष्णतेविषयी मात्र आपल्या जुन्या माणसांचा अंदाज बराचसा बरोबर होता, फक्त त्यांचा रोख अंडी आणि आंबे यांच्याकडे होता. वृषणे शरीराबाहेर असतात ती उगीच नव्हेत. शुक्राणू घडण्यासाठी शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश गारवा लागतो. लोणावळ्यात चिक्कीच्या भट्टीसमोर गुळाचा पाक ढवळत दिवसाचे आठ तास उभा राहणारा एक तरुण माझ्याकडे येतो. त्याची संख्या कमी निघाली. भट्टी हेच एकमेव कारण असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण तो दिवसाला तंबाखूच्या चार पुड्याही संपवत होता. पण मालकाला सांगून त्याने पॅकिंगचे काम मागून घेतले, पुड्यांचे प्रमाण उतरवले, आणि अडीच महिन्यांचे गणित लक्षात ठेवून आम्ही चौथ्या महिन्यात तपासणी केली. आकडा सुधारला होता. घाटातील ट्रकचालक, तासन्‌तास मांडीवर लॅपटॉप ठेवणारे आणि पॉलिहाऊसमध्ये गुलाबांवर औषध मारणारे मजूर यांनाही मी हाच प्रश्न विचारतो. फवारणी करताना तोंडाला फडके आणि उघडे हात, हे दृश्य मावळात अजून सर्रास दिसते.

वयाविषयीही एक भ्रम आहे. "पुरुषाला वय नसते," असे म्हणत चाळिशीपर्यंत लग्न लांबवणारे हल्ली पुष्कळ भेटतात. पुरुषाची क्षमता स्त्रीप्रमाणे एकदम थांबत नाही हे खरे. पण चाळिशीनंतर शुक्राणूंची हालचाल मंदावते आणि गर्भपाताचा धोकाही काहीसा वाढतो. कृत्रिम गर्भधारणेच्या २०२१ च्या कायद्यानेही पुरुषासाठी ५५ वर्षांची मर्यादा घातली आहे.

एक काम तर केवळ आजीच करू शकतात. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या हातांना सर्वांत आधी कळते की पिशवीत एकच गोटी लागते आहे. "मोठा झाला की उतरेल," असे म्हणून अनेक मुले शाळेत जाईपर्यंत तशीच राहतात. सहा महिन्यांपर्यंत ती आपोआप उतरली नाही, तर बालशल्यचिकित्सकाला दाखवावे. शस्त्रक्रिया दीड वर्षाच्या आत झालेली चांगली. उशीर झाला तर पुढे शुक्राणूंवर परिणाम होतो आणि त्या वृषणात कर्करोगाची शक्यताही वाढते. पुढच्या वेळी नातवंडाला मालीश करताना एवढे चाचपून पाहा.

आता पुन्हा आजींकडे. नातू तपासणीला तयार होईना, तेव्हा आजींनीच त्याला ओढत आणले. अहवालात शुक्राणू जवळजवळ शून्य. मुलगा धडधाकट, लग्नाआधीपासून व्यायामशाळेत जाणारा. काही औषधे घेतोस का, यावर तो "नाही" म्हणाला. आजी पिशवीत काहीतरी शोधू लागल्या. खोली झाडताना त्यांना छोट्या कुप्या सापडल्या होत्या. "ताकदीच्या हायेत म्हणून मी कधी काही बोलले नाही," म्हणत त्यांनी एक टेबलावर ठेवली. टेस्टोस्टेरॉन.

बाहेरून हे संप्रेरक आले की मेंदूतील ग्रंथीला वाटते, माल भरपूर आहे, आता कारखाना चालवायला नको. ती वृषणांना आज्ञा देणे थांबवते आणि शुक्राणूंचे उत्पादन बंद पडते. दंड फुगतात, वृषणे मात्र आक्रसतात. पुरुषी ताकदीचे औषध म्हणून घेतलेली गोष्ट पुरुषाला निर्बीज करू शकते, हे व्यायामशाळेत कोणी सांगत नाही. बंद केल्यावर बहुतेकांत उत्पादन पुन्हा सुरू होते, पण त्याला अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. काहींत ते पूर्ववत होत नाही. ती इंजेक्शने थांबवतानाही तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच थांबवावी लागतात, कारण मधल्या काळात थकवा आणि उदासी येते. मी त्याला पुण्यातील मूत्ररोगतज्ज्ञांकडे पाठवले.

सात महिन्यांनंतरच्या तपासणीत शुक्राणू दिसू लागले आहेत. संख्या अजून कमी आहे. पुढची तपासणी दिवाळीनंतर. परवा आजी रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्या होत्या. नातसून सोबत नव्हती. चौकशी केली तेव्हा त्या म्हणाल्या, "कशाला आणू तिला? तिचं काय दुखत नाय." मग जाता जाता दारात थांबल्या आणि त्या जाड फाईलचे काय करायचे ते विचारू लागल्या. जपून ठेवा म्हणालो, तज्ज्ञांना लागेल.