तारीख व्हॉट्सअ‍ॅपवर आली, पण मावशीला कळली का?



मराठवाड्यातल्या एका मावशींची हकीकत आधी सांगतो. नाव-गाव सांगत नाही, खटला चालू आहे. बांधावरून मारहाण झाली, जातीवाचक शिवीगाळ झाली, अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला, आरोपी अटक झाले. मग त्यांचा जामीन अर्ज आला. मावशींच्या वकिलांनी त्यांच्या मुलाला व्हॉट्सअ‍ॅप केला. रोमन अक्षरांत दीड ओळ: ‘बेल अ‍ॅप. से ऑफ व्हिक्टिम. एन.डी. 14.’ पोलीस ठाण्यातून आलेली नोटीसही कागदावर मिळाली नव्हती, तिचा फोटो त्याच मुलाच्या मोबाईलवर आला होता. मुलगा बारावी झालेला, पुण्यात डिलिव्हरीचे काम करतो. त्याला एवढेच उमगले की 14 ही पुढची तारीख. त्याने आईला फोन केला, ‘14 ला तारीख हाय, वकीलसाहेब बघतील.’

14 तारखेला मावशी दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेल्या. कोर्टात त्यांचे म्हणणे आलेच नाही. जामीन मंजूर झाला. तो झाला हे मावशींना आरोपी चावडीसमोर उभे दिसले तेव्हा कळले.

मी वकिलांना भेटलो. आपलेच, चळवळीतले, मनाने चांगले. त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. ‘हे बघा, दोन ब्लू टिक आहेत. मी तर कळवलं होतं.’

या ब्लू टिकवरच मला बोलायचे आहे. संदेश पोहोचणे आणि माणसाला कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. पण कोर्टाच्या आवारात पक्षकाराला कळवणे म्हणजे मेसेज टाकणे, असा अर्थ आता रूढ झाला आहे. पूर्वी वकिलाचा कारकून तरी सांगायचा, ‘आजी, पुढच्या बाजारच्या दिवशी या, अंगठा लागणार आहे.’ तो कारकून फार गोड बोलायचा असे नाही, पण बाजारचा दिवस आजीला समजत होता.

कायदा काय म्हणतो? अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने कलम 15-अ आले आणि 26 जानेवारी 2016 पासून ते लागू झाले. जामिनासह कोणत्याही सुनावणीची वाजवी, अचूक आणि वेळेवर सूचना मिळणे हा पीडिताचा हक्क आहे. ही माहिती देण्याची जबाबदारी विशेष सरकारी वकील आणि राज्य सरकार यांच्यावर आहे. जामिनाच्या वेळी म्हणणे मांडण्याचाही हक्क आहे. हरिराम भांभी विरुद्ध सत्यनारायण या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 29 ऑक्टोबर 2021 रोजी स्पष्ट केले की ही सूचना बंधनकारक आहे, तो निव्वळ उपचार नाही.

आता दुसरी बाजू बघा. जानेवारी 2025 मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावले की चौकशीला हजर राहण्याची नोटीस आरोपीला व्हॉट्सअ‍ॅपवर बजावून चालणार नाही. कारण त्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे. अगदी बरोबर. आपली पोरेही आरोपी म्हणून उभी केली जातात, त्यांनाही या संरक्षणाची गरज आहे. पण मग ज्या बाईच्या दारासमोरून आरोपी उद्यापासून फिरणार आहे, तिला मोबाईलवरचा फोटो कसा काय पुरतो? हा प्रश्न आपल्या वकिलांनी लेखी अर्ज करून कोर्टात विचारला पाहिजे.

तंत्रज्ञानाला विरोध करण्याचा माझा अजिबात हेतू नाही. ई-कोर्ट्सचे अ‍ॅप फुकट आहे. खटल्याचा 16 अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख आणि रोजच्या कामकाजाची नोंद दिसते. पूर्वी एवढ्या माहितीसाठी एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे जायचे. ज्याच्याकडे तो क्रमांक आहे त्याला वकिलाच्या दारात हात जोडून उभे राहावे लागत नाही. पण किती पीडित कुटुंबांना हा क्रमांक माहीत असतो? मी ज्यांच्यासोबत काम करतो त्यांतल्या बहुतेकांना वकिलाची फी तोंडपाठ असते, क्रमांक मात्र वकिलाच्या डायरीत. केस दाखल झाली की क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देणे, ही दोन मिनिटांची गोष्ट आहे. ती होत नाही, कारण माहिती हातात असणे म्हणजे सत्ता हातात असणे. शिकलेल्या माणसाला ही सत्ता सोडवत नाही, मग तो आपला असला तरी.

आता रीलवाल्या वकिलांकडे वळतो. काळा कोट, मागे निळा झेंडा, दमदार संगीत, ‘तुमच्यावर अन्याय झाला आहे का?’ बरेच ज्येष्ठ कार्यकर्ते यांची टिंगल करतात. मी करणार नाही. हा मुलगा रील का करतो ते आधी समजून घ्या. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 36 प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. दारावरची पाटीसुद्धा माफक आकाराची हवी. 2008 मध्ये संकेतस्थळावर नाव, पत्ता, फोन, सनद क्रमांक, शिक्षण आणि कोणत्या प्रकारचे काम करतो, एवढे टाकायची मुभा मिळाली. जुलै 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन वकील पुरवणाऱ्या संकेतस्थळांवर कारवाई करण्यास सांगितले. वकिली हा धंदा नाही, हे तत्त्व त्यामागे आहे.

तत्त्व मान्य. पण ज्याचे आजोबा त्याच कोर्टात वकील होते, त्याला जाहिरातीची गरजच काय? जुने आडनाव, बापाचे चेंबर, बाजारपेठेतले नातेवाईक, हीच त्याची तीन पिढ्यांची जाहिरात. नियम 36 तिला हात लावत नाही. पहिल्या पिढीच्या, वस्तीतून आलेल्या वकिलाने मात्र व्हिडिओ टाकला की व्यवसायाची प्रतिष्ठा धोक्यात येते. खुद्द बाबासाहेबांनी 1923 साली मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली, तेव्हा ग्रेज इनचे बॅरिस्टर असूनही सॉलिसिटर त्यांच्याकडे कामे पाठवत नव्हते. गुणवत्ता होती, ओळखीचे जाळे नव्हते. त्यामुळे आजचा मुलगा ते जाळे इन्स्टाग्रामवर विणू पाहतो, यात मला गुन्हा दिसत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. त्याला हजारो लोकांना मराठीत सोपे करून सांगता येते. मग स्वतःच्या पक्षकाराला तो इंग्रजी संक्षेपात का लिहितो?

बाबासाहेबांचा आणखी एक प्रसंग इथे आठवतो. 14 डिसेंबर 1927 रोजी महाडच्या दिवाणी न्यायालयाने चवदार तळ्याबाबत तात्पुरता मनाई हुकूम दिला. त्यानंतर 25 डिसेंबरपासून सत्याग्रह परिषद भरली. हजारो माणसे तळ्यावर जाण्याच्या तयारीने आली होती. कोर्टाच्या त्या कागदाचे काय करायचे, यावर परिषदेत खल झाला आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत सत्याग्रह तहकूब करायचे ठरले. परिषदेला आलेल्यांपैकी कितीकांना अक्षरओळखही नव्हती, तरी कोर्टाचा मामला त्यांच्यासमोर मांडून त्यांना निर्णयात घेतले गेले. तो दावा पुढे 1937 मध्ये उच्च न्यायालयात जिंकला. याच काळात बाबासाहेब ‘बहिष्कृत भारत’ चालवत होते, म्हणजे त्या काळचे तंत्रज्ञान वकिलाच्याच हातात होते.

आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांबद्दलही बोलायला हवे. घटना घडली की अर्ध्या तासात एफआयआरची प्रत साक्षीदारांच्या नावांसह दहा गटांवर फिरते. त्या गटांत कोण कोण आहे ते अ‍ॅडमिनलाही ठाऊक नसते. मग साक्षीदारावर दबाव आला, तो फितूर झाला की आपण व्यवस्थेला शिव्या देतो. 2019 मध्ये नागपूरचे वकील निहालसिंग राठोड यांचा फोन पेगॅससचे लक्ष्य झाल्याचे समोर आले होते. एवढ्या मोठ्या यंत्रणेपासून आपण वाचू की नाही, ते बाजूला ठेवू. पण साक्षीदाराचे नाव आपणच फॉरवर्ड करत असू तर पेगॅससची गरज कुणाला आहे?

आणि आपण कार्यकर्ते, आपले काय? कलम 15-अ च्या बाराव्या पोटकलमात पीडिताला सामाजिक कार्यकर्त्यांचे साहाय्य घेण्याचा हक्क दिलेला आहे. म्हणजे वकिलाला ‘तारीख कशासाठी आहे?’ असे विचारणे ही आपली लुडबूड नाही. दहाव्या पोटकलमात या कायद्याखालील सर्व कामकाजाचे व्हिडिओ चित्रीकरण झाले पाहिजे असे लिहिले आहे. आपल्या जिल्ह्याच्या विशेष न्यायालयात ते होते का, हे एकदा जाऊन बघा. होत नसेल तर अर्ज करायला लावा. रील करणाऱ्या मित्रांना कॅमेऱ्याचे महत्त्व मी सांगायला नको.

मावशींच्या प्रकरणात जामिनाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील केले आहे. कलम 14-अ खाली ते करता येते. वकील तेच आहेत, बदलले नाहीत. आमचे भांडण झाले, मग बसून बोलणे झाले. आता ते मावशींना मराठीत व्हॉईस मेसेज पाठवतात, मिनिटभराचा. परवाचा मेसेज त्यांनी शेजारणीला बसवून तीनदा ऐकला आणि मला फोन केला. ‘दादा, वकीलसाहेब म्हनत्यात माजं म्हननं लिवून द्यायचंय. मंजी मी जे म्हनंल तेच लिवत्याल ना?’

मी म्हणालो, हे त्यांनाच विचारा. त्यांनी विचारले. वकीलसाहेबांनी रविवारी गावात येऊन ते लिहून घेतले.