दोरीचे दुसरे टोक
हैदराबादने २५ ऑगस्ट २००७ रोजी लुंबिनी पार्क व गोकुळ चाट येथील स्फोटांत चाळीसहून अधिक जीव गमावले. त्याच नगरीजवळ मोईनाबाद येथे पोलिसांचा श्वान आणि त्याचा हस्तक यांना महिनोन्‌महिने जोडीनेच शिकविले जाते. हे योग्यच. वास श्वानाला येतो. त्याचे थबकणे ओळखावयाचे ते हस्तकाने, आणि तेही स्फोटकापासून दोरीभर अंतरावर उभे राहून! १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत तीन हजार किलोंहून अधिक आर.डी.एक्स. हुंगून काढणारा ‘जंजीर’ सर्वांना आठवतो. २००० साली त्याला सन्मानाने निरोप मिळाला. त्याची दोरी धरणाऱ्या शिपायांची नावे मात्र किती वाचक सांगू शकतील? बदलीच्या हुकमावर सही करताना वरिष्ठांनी अशी जोडी फोडू नये, एवढेच आमचे मागणे आहे.