कपाटातल्या तबकड्या

बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात तयार केलेला आणि १९२० साली पडद्यावर आलेला ‘सैरंध्री’ हा मूकपट आज पाहायला मिळत नाही. प्रतीच उरल्या नाहीत. हे शल्य या गावाचं आहे, म्हणून लिहितो.

तेव्हा घरोघरी प्रती निघत नव्हत्या; पुढे सीडी रायटर आला आणि प्रत काढणं सामान्य माणसाच्या हातात आलं. कोऱ्या तबकडीत रंगद्रव्याचा पातळ थर असतो. सुमारे ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर तो ठिकठिकाणी तापवतो, तिथून प्रकाश कमी परततो आणि त्या खुणांमधून ८० मिनिटांचं गाणं किंवा ७०० एमबीचा मजकूर वाचता येतो. चोरट्या प्रतींनी निर्माते, गायक पोळले, हे खरंच. पण गल्लीतल्या भजनी मंडळाचं गाणं, शाहिराचा पोवाडा, लग्नात आजीने म्हटलेल्या ओव्या याच यंत्रामुळे घरात राहिल्या. मला ही बाजू मोठी वाटते.

तबकडीतला तो रंग मात्र ऊन, उष्णता आणि दमटपणाने विटतो. शिवाय २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापुरात पंचगंगेच्या पुराचं पाणी कितीतरी घरांत शिरलं. वाचकहो, तबकड्या या महिन्यातच संगणकावर उतरवून घ्या आणि एक प्रत परगावच्या नातेवाइकांकडे ठेवा.