पॉझिटिव्ह फिटनंतर काय?

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या चाळणी तपासणीत आज बहुतेक राष्ट्रीय कार्यक्रमांची भिस्त विष्ठेतील अदृश्य रक्त शोधणाऱ्या ‘फिट’ चाचणीवर आहे. जुनी गवायक चाचणी हीमची पेरॉक्सिडेज क्रिया पाहते. त्यामुळे मटण, कच्चा मुळा, ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या या सगळ्यांचा हिशेब ठेवावा लागतो आणि लागोपाठ तीन दिवसांचे नमुने घ्यावे लागतात. फिट प्रतिपिंडांद्वारे मानवी ग्लोबिन मोजते. तिला पथ्य नाही आणि नमुनाही एकच पुरतो. इंग्लंडने 2019 मध्ये गवायक सोडून फिट स्वीकारली. तेथे 50 ते 74 वयाच्या नागरिकांना दर दोन वर्षांनी घरपोच किट जाते. इंग्लंडने सुरुवातीला ग्रॅममागे 120 मायक्रोग्रॅमची मर्यादा ठरवली, स्कॉटलंडने 80 ची. हा आकडा ठरवताना चाचणीच्या अचूकतेइतकाच कोलोनोस्कोपी किती जणांची करता येईल याचाही विचार होतो.

भारतात असा कार्यक्रम नाही. केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक आराखड्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढ्याच कर्करोगांची चाळणी आहे. येथील प्रमाण पाहता ते समजण्यासारखे आहे. ज्येष्ठांच्या ‘फुल बॉडी’ पॅकेजांमध्ये मात्र ही तपासणी मागच्या दाराने शिरली आहे, आणि तीही सर्वांत वाईट रूपात: एकाच नमुन्यावर गवायक आणि जोडीला सीईए. सीईए ही चाळणीची चाचणी नव्हे. धूम्रपान करणाऱ्यांत ती वाढलेली असते आणि सुरुवातीच्या गाठीत बहुधा सामान्य. काही अहवालांत फिटची संख्या नसते, मर्यादाही नसते, फक्त ‘पॉझिटिव्ह’ हा शिक्का असतो. असा अहवाल घेऊन आलेल्या रुग्णाला डॉक्टरने काय सांगायचे, हे पॅकेज विकणाऱ्याने ठरवलेलेच नसते.

खरी विसंगती त्यानंतर सुरू होते. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत प्रतिबंधात्मक तपासणीसाठी 5 हजार रुपयांपर्यंत वजावट मिळते. अनेक विमा पॉलिसी वार्षिक तपासणीचा खर्चही देतात. तीच तपासणी पॉझिटिव्ह आली आणि कोलोनोस्कोपी ठरली, की ‘केवळ निदानासाठी दाखल’ या प्रमाणित वगळणीवर बोट ठेवून दावा नाकारला जाऊ शकतो. त्याच वेळी पॉलिप सापडून काढला, तर ती प्रक्रिया उपचार ठरते आणि दाव्याला आधार मिळतो. म्हणजे आतडे स्वच्छ निघालेल्या रुग्णाने खिशातून पैसे भरायचे! विमा नियामकाने हा विरोधाभास दूर करायला हवा, आणि वैद्यकीय संघटनांनी तो लेखी मांडायला हवा. परिषदांतून कुरकुर पुरेशी झाली.

तोवर खर्च वाचवण्यासाठी ‘महिन्याने पुन्हा करून पाहू’ हा मार्ग निघतो. तो धोक्याचा आहे. गाठीतून रक्तस्राव सतत होत नाही, म्हणून दुसरा निगेटिव्ह अहवाल पहिल्याला खोडत नाही. मूळव्याध आहे म्हणून पॉझिटिव्ह फिट बाजूला ठेवणेही तितकेच चूक, कारण दोन्ही एकत्र असू शकतात.

ज्येष्ठांत वयाचा विचार वेगळा करावा लागतो. ॲडेनोमापासून कर्करोगापर्यंतच्या प्रवासाला साधारण दहा वर्षे लागतात. चाळणीचा फायदाही तितक्याच उशिरा दिसतो. अमेरिकी प्रतिबंधात्मक सेवा कृतिदलाची (यूएसपीएसटीएफ) 2021 ची शिफारस 45 ते 75 या वयासाठी आहे. 76 ते 85 मध्ये निर्णय व्यक्तिगत असावा आणि त्यापुढे चाळणी थांबवावी, असे ती म्हणते. हृदय वा मूत्रपिंड थकलेल्या रुग्णात आतडे साफ करण्याची तयारी हाच मोठा धोका असतो. सोडियम फॉस्फेट तेथे टाळावे. रक्त पातळ करणारी औषधे कधी व किती दिवस थांबवायची, हे हृदयरोगतज्ज्ञाला विचारून लिहून ठेवावे. ज्याची कोलोनोस्कोपी करायचीच नाही, त्याला फिट सुचवू नये.

लक्षणे असलेला रुग्ण या चर्चेत बसत नाही. शौचातून रक्त, नव्याने बदललेली शौचाची सवय, कारण न सापडलेला लोहाभाव अशा वेळी चाळणीचे वेळापत्रक लागू होत नाही. थेट तपासणी लागते. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मालिकेत रुग्णांचे सरासरी वय 47 च्या आसपास होते. म्हणून पन्नाशीच्या आतला रुग्ण ‘मूळव्याध आहे’ म्हणत आला, तरी मलम लिहिण्यापूर्वी पीआर करावीच. त्यासाठी लागतो तो हातमोजा आणि दोन मिनिटे.