प्रतिभा जन्माने येत नसेल, तर लेखन शिबिराचं दार कुणासाठी उघडं आहे?

'लिहिणं शिकवता येत नाही, ते आतूनच यावं लागतं.' हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलं आहे. कधी साहित्याच्या व्यासपीठावरून, कधी महाविद्यालयातल्या सरांकडून. ते म्हणणारा माणूस बहुधा अशा घरातून आलेला असतो जिथं आजोबांच्या काळापासून पुस्तकांचं कपाट आहे, जेवताना कादंबऱ्यांवर वाद होतात आणि शेजारचे काका एखाद्या मासिकाचे संपादक असतात. ज्याला घरातच शिकायला मिळालं, त्याला आपण शिकलो असं वाटतच नाही. ते जन्मजात आहे असंच त्याला वाटतं. 'मेरिट' या शब्दाचा इतिहास आपल्याला पाठ आहे. 'प्रतिभा' हा त्याच भावकीतला शब्द आहे.

म्हणूनच लिहिणं शिकवता येतं असं मानून शिकवणाऱ्या लेखकांकडे आपण नीट पाहायला हवं. त्यांतलं एक नाव म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विज्ञानकथालेखिका ऑक्टेव्हिया बटलर.

बटलर यांचा जन्म 1947 चा, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना शहरातला. वडील बूटपॉलिश करायचे, ते लवकर गेले. आई गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, साफसफाई करायची. त्या घरांतून टाकून दिलेली पुस्तकं आणि मासिकं आई घरी आणायची, आणि मुलगी त्यावर वाचायला शिकली. पुढचं तुम्हाला सांगायला नको, आपल्यापैकी अनेकांचं पहिलं ग्रंथालय रद्दीतूनच उभं राहिलं आहे. मुलीने लेखक व्हायचं म्हटल्यावर मावशीने प्रेमानेच समजावलं, की आपल्या लोकांना लेखक होता येत नाही.

1969 मध्ये हॉलिवूडच्या पटकथालेखकांच्या संघटनेने कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुणांसाठी एक लेखनवर्ग चालवला. बटलर तिथे गेल्या. वर्गावर शिकवणाऱ्या हार्लन एलिसन या लेखकाने त्यांना क्लॅरियनला जायला सुचवलं. क्लॅरियन हे पेनसिल्व्हेनियात 1968 साली सुरू झालेलं विज्ञानकथेचं सहा आठवड्यांचं निवासी शिबिर. तिथे रोज लिहायचं, सगळ्यांनी सगळ्यांच्या कथा वाचायच्या आणि कथा कुठे अडते ते तोंडावर सांगायचं. शिकवणारे लेखक बदलत राहायचे. 1970 च्या शिबिरात बटलर होत्या.

तिथून परतल्यावर चमत्कार झाला नाही. शिबिराच्या काळात दोन कथा विकल्या गेल्या, पण त्यानंतर पाच वर्षं एक ओळही विकली गेली नाही. या काळात त्यांनी भांडी घासली, फोनवरून माल विकला, बटाट्याच्या वेफर्सच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काम केलं. पहाटे दोनला उठून लिहायचं आणि मग कामावर जायचं. पहिली कादंबरी 1976 ला आली. 1979 च्या 'किंड्रेड'मध्ये 1976 च्या कॅलिफोर्नियातली कृष्णवर्णीय तरुणी काळात मागे फेकली जाते आणि गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलंडमध्ये पोचते. 1995 मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळालेल्या त्या पहिल्या विज्ञानकथालेखक ठरल्या.

पुढे त्या स्वतः क्लॅरियन आणि सिअ‍ॅटलच्या क्लॅरियन वेस्ट या शिबिरांत शिकवायला गेल्या. नव्या लेखकांना त्यांचं सांगणं साधं होतं. स्फूर्तीची वाट पाहू नका, प्रतिभेची काळजी सोडा, रोज लिहायची सवय लावा आणि शिकत राहा. एका मोलकरणीच्या मुलीने हे सांगणं ही राजकीय गोष्ट आहे. प्रतिभा रक्तात असते असं मानलं, तर वारसा नसलेल्याला दार बंद. लेखन हे कसब आहे असं मानलं, तर ते कुणालाही कमावता येतं.

पण कसब शिकायला जागा लागते, वेळ लागतो, पैसा लागतो. बटलर यांना हे माहीत होतं. 1988 च्या सुमारास त्यांनी वहीत स्वतःसाठी काही निश्चय लिहून ठेवले. ते कागद आज कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयात आहेत. पुस्तकं गाजतील या निश्चयाच्या जोडीला तिथे आणखी एक आहे: गरीब कृष्णवर्णीय मुलामुलींना मी क्लॅरियनसारख्या शिबिरांना पाठवीन. 2006 मध्ये त्या गेल्या. त्यानंतर कार्ल ब्रँडन सोसायटी या संस्थेने त्यांच्या नावाने गोरेतर विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली आणि 2007 पासून मुलं त्या पैशावर शिबिरांना जाऊ लागली.

आता आपल्याकडे या. गेल्या काही वर्षांत लेखन शिबिरांचा मोठा बाजार उभा राहिला आहे. डोंगरातला बंगला, चार दिवस, नामवंत कादंबरीकार, मोजक्या जागा. एका शिबिराचं शुल्क मी पाहिलं, ते माझ्या वसतिगृहाच्या चार महिन्यांच्या मेसच्या बिलाएवढं होतं. अर्जात लेखनाचा नमुना इंग्रजीत हवा होता आणि आवडत्या पाच लेखकांची नावं द्यायची होती. जात कुठेच विचारलेली नव्हती. विचारायची गरजच नव्हती, चाळणी आधीच लागलेली होती.

एखादा आपला मुलगा आत पोचलाच, तर दुसरी अडचण सुरू होते. त्याची कथा वाचून झाली की पहिला प्रश्न येतो, 'हे तुझ्या बाबतीत खरंच घडलं का?' इतरांच्या कथेत निवेदन कसं आहे, शेवट जुळतो का, यावर बोलणं होतं. त्याच्या कथेवर मात्र हळहळ व्यक्त होते. हळहळीतून कथा सुधारत नाही. आपल्याकडून साक्ष हवी असते, कल्पना नको असते. बटलर यांनी हीच अट मोडली. गुलामगिरीवर लिहायला त्यांनी कालप्रवास वापरला, आणि त्याची परवानगी कुणाकडे मागितली नाही.

काही जण म्हणतील, अण्णाभाऊ साठे कुठल्या शिबिरात गेले होते? शाळा तर त्यांनी दीड दिवसाचीच पाहिली. खरं आहे. पण अण्णाभाऊ एकटे बसून शिकले नाहीत. तमाशाचा फड, कामगार वस्ती, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांसोबत 1944 मध्ये उभं केलेलं लाल बावटा कलापथक, ही त्यांची शिबिरंच होती. तिथे शब्द लगेच लोकांसमोर जायचा आणि फसला तर लगेच कळायचं. 1959 च्या 'फकिरा'मागे ही सगळी मेहनत आहे. 'अण्णाभाऊ निसर्गदत्त होते' असं म्हणणं कौतुकासारखं वाटतं, पण त्यात त्यांचं शिक्षण पुसलं जातं. 'अस्मितादर्श'च्या मेळाव्यांनीही हेच काम केलं. खेड्यापाड्यांतल्या नव्या लेखकाला ऐकणारी आणि टोकणारी माणसं दिली.

म्हणून शिबिरं भरवणाऱ्या लेखकांना आणि संस्थांना थेट विचारायला हवं. किती जागा राखीव आहेत? शुल्कमाफीसोबत प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी मिळणार का? नमुना मराठीत, तेलुगूत, हिंदीत चालेल का? शिकवणाऱ्यांमध्ये आपली माणसं किती? 'चांगले अर्ज येत नाहीत' हे उत्तर आपण नोकरभरतीतही ऐकलं आहे.

आणि तोवर थांबायचं कारण नाही. तुम्ही हैदराबादला असा, दिल्लीला की नांदेडला, पाच जण जमवा. विहार, अभ्यासिका, वसतिगृहाची खोली, काहीही चालेल. दर रविवारी एकाची कथा सगळ्यांनी आधी वाचून यायचं. 'छान आहे' या शब्दांना बंदी. कथा कुठे कंटाळवाणी झाली ते सांगायचं. पगार सुरू झालेल्याने पगार नसलेल्याच्या झेरॉक्सचे पैसे भरायचे. आणि ज्याला उद्या एखाद्या मोठ्या शिबिरात जागा मिळेल, त्याने परत येऊन तिथे जे शिकला ते उरलेल्या चौघांना शिकवायचं.