बचतीतला अर्धा वाटा व्हेंडरचा

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कुठल्याही लहान प्रेस शॉपमध्ये दिवसभर तेच चाललेले असते. पत्र्याची पट्टी डायखाली सरकते, घाव बसतो, ब्लँक खाली पडतो आणि उरलेली जाळी भंगारात जाते. त्या जाळीकडे रोज बघणाऱ्या ऑपरेटरला बरेच काही कळत असते. ब्लँक जरा तिरका बसवला तर त्याच पट्टीतून दोन नग जास्त निघतील, हे त्याला दिसते आणि मालकालाही दिसते. तरी ही गोष्ट ज्या कंपनीचे काम चालू आहे, तिच्या परचेस विभागापर्यंत क्वचितच पोचते. नवी डाय करायची तर खर्च व्हेंडरचा, आणि बचत कळली की पुढच्या पर्चेस ऑर्डरमध्ये, म्हणजे पीओत, तेवढा रेट कमी. मग मालक गप्प राहतो.

त्याला दोष देता येणार नाही. बोलून नुकसानच होणार असेल, तर कोण बोलेल?

सुटे भाग असोत, कॅन्टीन असो, सिक्युरिटी असो की सॉफ्टवेअर, बाहेर दिलेल्या बहुतेक कामांचे करार आजही रेटभोवती फिरतात. एकाचा वाचलेला रुपया दुसऱ्याच्या खिशातून गेलेला असतो. अशा नात्यात सहकार्याची अपेक्षा धरायची, तर आधी पैशाची मांडणी बदलावी लागते. अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीने 1990 च्या दशकात ती बदलून दाखवली होती.

त्याच काळात जनरल मोटर्सच्या खरेदीची सूत्रे होसे इग्नासिओ लोपेझ यांच्याकडे होती. जुने करार मोडून पुन्हा बोली मागवायची आणि पुरवठादारांना भाव पाडायला लावायचे, ही त्यांची ख्याती. क्रायस्लरमध्ये खरेदी सांभाळणारे थॉमस स्टॉलकॅम्प यांनी दुसरी वाट धरली. 'स्कोअर' नावाच्या त्यांच्या योजनेत पुरवठादारांना विचारले जाई, खर्च कुठे वाचेल ते सांगा. सूचना पुरवठादाराच्या स्वतःच्या कारखान्यापुरती असण्याची गरज नव्हती. क्रायस्लरच्याच रचनेत काय चुकते आहे, तेही तो सांगू शकत होता. सूचना अमलात आली की बचतीत दोघांचा वाटा.

मॅग्ना या मोठ्या पुरवठादाराची पहिली सूचना अगदी किरकोळ होती. मिनिव्हॅनच्या बाहेरच्या शोभेच्या पट्टीसाठी वेगळा लाकडी नक्षीचा माल वापरा, एवढीच. एका नगामागे अर्धा डॉलर वाचला. अशा बारीकसारीक सूचना साठत गेल्या. 1995 च्या अखेरीस क्रायस्लरने 5,300 सूचना अमलात आणल्या होत्या आणि त्यांतून वर्षाला 1.7 अब्ज डॉलरहून जास्त खर्च वाचत होता. वाकलेल्या पुरवठादारांकडून हे ज्ञान कधीच मिळाले नसते, कारण ते त्यांच्या डोक्यात होते आणि डोक्यातले काढून घेण्यासाठी कुठलाही टेंडर फॉर्म नाही.

पुढे 1998 मध्ये क्रायस्लर डाइमलरमध्ये विलीन झाली. स्टॉलकॅम्प 1999 मध्ये बाहेर पडले. कंपनी तोट्यात गेल्यावर 2000 च्या अखेरीस पुरवठादारांना हुकूम गेला: 1 जानेवारी 2001 पासून दर 5 टक्के कमी करा आणि पुढच्या दोन वर्षांत आणखी 10 टक्के. दहा वर्षे जपलेला विश्वास या एका मागणीने गेला. पुण्याच्या परचेस विभागांनी क्रायस्लरच्या यशाइतकाच हा शेवटही अभ्यासावा.

आपल्याकडचे मोठे उदाहरण एअरटेलचे आहे. 2004 मध्ये या कंपनीने मोबाइल कंपनीचा प्राण समजले जाणारे नेटवर्क बाहेर सोपवले, तेव्हा अनेकांना तो अविचार वाटला होता. त्याआधी यंत्रे विकणाऱ्याला जास्तीत जास्त खोकी खपवण्यात रस असे आणि न लागलेली यंत्रे एअरटेलच्या गळ्यात पडत. कंपनीच्या अखिल गुप्ता यांनी घडवलेल्या नव्या करारात यंत्रे पुरवणाऱ्या एरिक्सनला पैसे खोक्यांचे नव्हे, तर उभ्या राहून वापरात आलेल्या क्षमतेचे मिळू लागले. मोजमाप होते अर्लांग, म्हणजे टेलिफोनवरच्या बोलण्याच्या भाराचे एकक. आयबीएमशी दहा वर्षांचा करार झाला तो महसुलातल्या वाट्यावर. महसूल वाढेल तशी वाट्याची टक्केवारी उतरती. फालतू यंत्र बसवण्यात आता विकणाऱ्याचाच तोटा होता. मे 2009 मध्ये एअरटेलने 10 कोटी ग्राहकांचा टप्पा ओलांडला. त्याचे सगळे श्रेय करारांना देणे चूक ठरेल, उतरलेले कॉल दर आणि प्रीपेड कार्ड यांचा वाटा मोठा होता. पण त्या वेगाने टॉवर उभे राहिले, ते पुरवणाऱ्याचा फायदा त्याच वाढीत होता म्हणून.

यावर परचेसवाल्यांचा एक आक्षेप ठरलेला असतो: वाचणारा पैसा मुळात कंपनीचाच, मग अर्धा का सोडायचा? उत्तर त्या प्रेस शॉपमध्ये आहे. आज कंपनीला त्या बचतीतले काहीच मिळत नाही, कारण ती होतच नाही.

आणखी एक गोष्ट वाट्याच्याही आधी येते, ती म्हणजे वेळेवर पेमेंट. 2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकवायचे आहे. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. प्राप्तिकर कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीने मुदतीत न दिलेल्या रकमेची त्या वर्षाची वजावटही अडवली. तरी व्याज मागायला जाणारा व्हेंडर विरळाच, कारण पुढची ऑर्डर त्याच दारातून यायची असते. ज्याचे तीन महिन्यांचे बिल अडकले आहे, त्याच्याकडून नवी कल्पना मागणे अन्यायाचे आहे.

मोठ्या कंपन्यांनी सुरुवात पीओतल्या एका कलमाने करावी. व्हेंडरच्या सूचनेने जे वाचेल त्यातून आधी नव्या डायचा खर्च वळता होईल, उरलेले दोन वर्षे अर्धे अर्धे, आणि तोवर त्या भागाच्या रेटला हात लागणार नाही. आजची किंमत आणि मालाचे वजन दोघांच्या सहीने नोंदवून ठेवले, तर पुढे वादही उरणार नाही. ते कलम वाचले की भोसरीतला तो मालक भंगारातली जाळी उचलेल आणि ती घेऊन स्वतःच परचेसच्या टेबलाशी येईल.